मायक्रोमीटरचं उदाहरण

नाशिक, रविवार

चि. चिऊ,
अनेक आशीर्वाद.

"कोर्स सोडते. बाबा, तुमचं उदाहरणच चुकीचं होतं," एवढं बोलून शुक्रवारी तू फोन ठेवलास. राग नाही आला, पण झोपही नाही आली. रात्री सव्वादोनला बघितलं तर तू ऑनलाइन. कालही तेच. झोपतेस कधी?

जागरणाचं लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. असो.

तू आठवीत होतीस. शनिवारी फर्स्ट शिफ्ट सुटली की सातपूरहून तडक घरी यायचं, तुला घेऊन सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालयात जायचं. तू विज्ञानाच्या कपाटापाशी फरशीवरच फतकल मारायचीस. येताना स्कूटरवर मागून माझ्या कानात अणू, इलेक्ट्रॉन, हायझेनबर्ग. हायझेनबर्गच्या अनिश्चिततेच्या तत्त्वावर आपण दोघंही अडलो, तेव्हा मी रबरी वॉशर जाडी मोजायच्या मायक्रोमीटरमध्ये धरला. रॅचेट कट-कट वाजेपर्यंत फिरवला. वॉशर दबला. म्हटलं, बघ, मोजायला गेलं की माप बदलतं, इलेक्ट्रॉनचंही तसंच. तू लगेच वहीत चित्र काढलंस. तेच तू आता कॉलेजच्या परीक्षेत लिहिलंस आणि त्या प्रश्नाला शून्य मिळालं. तो शून्य माझा आहे, चिऊ.

काल सावानात जाऊन पुस्तक आणलं. ते प्रकरण तीनदा वाचलं. दोष मोजणाऱ्या हत्याराचा नाहीच. कितीही हलक्या हाताने मोजा, नेमकी जागा आणि नेमका संवेग (वस्तुमान गुणिले वेग) या दोन गोष्टी इलेक्ट्रॉनपाशी एकाच वेळी नसतातच. मला ते गोदावरीच्या पाण्यावरून कळलं, कारण इलेक्ट्रॉनही लाटेसारखा वागतो. लांबवर पसरलेल्या लाटांची तरंगलांबी मोजता येते, पण लाट नेमकी कुठे आहे, ते कसं सांगणार? एकच उसळी असेल तर जागा दाखवता येते, पण तिची तरंगलांबी कुठून मोजायची? आणि तरंगलांबी कळली तरच संवेग कळतो, हे डी ब्रॉग्ली या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२४ मध्ये सांगून ठेवलंय. हे तरी बरोबर आहे का? गणित मला येत नाही, ते तुलाच करून बघावं लागेल.

आणखी एक सापडलं. १९२३ मध्ये म्युनिकला डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेत हायझेनबर्गला सूक्ष्मदर्शकाची विभेदनक्षमता (अगदी जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवायची क्षमता) सांगता आली नाही. तो जेमतेम पास झाला. तेव्हा तो २१ वर्षांचा होता. १९२७ मध्ये अनिश्चिततेचा लेख लिहिताना त्याने सूक्ष्मदर्शकाचंच उदाहरण घेतलं, आणि त्यातली चूक नील्स बोर या शास्त्रज्ञाने दाखवून दिली. हे वाचलं आणि पुस्तक मिटून कितीतरी वेळ नुसता बसून राहिलो.

म्हणून सांगतो, एका पेपरने कुणी कोर्स सोडत नसतं. रोज दोन गणितं कर, पहाटे उठून कर, अडलं तर सरांना विचार, लाजू नकोस, रात्री चहा पिऊन जागू नकोस... बघ, फोनवर हेच बोललो आणि तू चिडलीस. माफ कर.

आत्याची तुला कल्पना आहे. दुसऱ्या वर्षाला ती सुट्टीसाठी म्हणून घरी आली, ती परत गेलीच नाही. तिच्या वह्या अजून माळ्यावर आहेत. मागच्या आठवड्यात पाण्याची टाकी बघायला चढलो तेव्हा तो गठ्ठा हाताला लागला. सुतळीसुद्धा तिनेच बांधलेली. तू "सोडते" म्हणालीस, तेव्हा मला तो गठ्ठाच दिसला.

तुझी ॲडमिशन झाली तेव्हा मी आख्ख्या शिफ्टला पेढे वाटले होते. माझी मुलगी क्वांटम शिकते, हे अजूनही नव्या पोरांना सांगतो. तुझ्यावर ओझं टाकायला हे लिहीत नाही. खरं आहे म्हणून लिहितो.

दादा मंगळवारी येतोय. आईने चिवडा दिलाय. थंडी वाढलीय, तुझा निळा स्वेटरही दिलाय. तुझी ती चित्राची वही मी ठेवून घेतलीय, सुट्टीत आलीस की बरोबर काय ते त्याच पानावर लिहून दे.

मंगळवारी रात्री अकराला फोन करेन. उचलला नाहीस तर झोपलीस असं समजेन.

तुझा,
बाबा