पिंजऱ्यातील प्राण्यांची छायाचित्रे टिपताना

महोदय,

सुट्ट्या लागल्या की ठाण्यातील अनेक कुटुंबे लोकलने भायखळ्याला उतरून राणीची बाग पाहायला जातात आणि आता प्रत्येकाच्या हाती मोबाइल असल्याने पक्षी-प्राण्यांची छायाचित्रेही भरपूर काढली जातात. या हौसेला माझा विरोध नाही. कॅमेऱ्यामुळे मुले एकेका पक्ष्यापाशी अधिक वेळ थांबतात, हे मी आनंदाने पाहिले आहे. आक्षेप आहे तो प्राण्याला आपल्याकडे बघायला लावण्याच्या खटाटोपाला. शिट्ट्या, टाळ्या, काचेवर टकटक आणि त्यातच फ्लॅशचा लखलखाट, असा प्रकार गर्दीच्या दिवशी सर्रास चालतो.

आपल्या ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगोंच्या थव्याजवळ होडी जरा जास्त गेली, तर पक्षी उठून दुसरीकडे जाऊन बसतात. पिंजऱ्यातल्या प्राण्याला ही सोय नाही, म्हणून अंतर आणि शांतता राखण्याची सगळी जबाबदारी छायाचित्र काढणाऱ्यावरच येते. घुबडाचेच उदाहरण घ्या. त्याचे डोळे खोबणीत फिरत नाहीत, बाजूला पाहायचे तर त्याला मानच वळवावी लागते. अंधुक उजेडात भक्ष्य शोधण्यासाठी घडलेल्या त्या टपोऱ्या डोळ्यांवर हातभर अंतरावरून पुन्हापुन्हा प्रखर प्रकाश पाडणे मला क्रूरपणाचे वाटते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्येही प्राणिसंग्रहालयातील प्राण्यांना डिवचण्यास, खाऊ घालण्यास आणि आवाजाने किंवा अन्य प्रकारे त्रास देण्यास स्पष्ट मनाई आहे.

शिवाय या खटाटोपाने छायाचित्रही बिघडते. २०१६ मध्ये आणलेल्या हम्बोल्ट पेंग्विनच्या कक्षासारख्या ठिकाणी समोरून फ्लॅश मारला, तर काचेवरून उजेड परततो आणि पक्ष्याच्या जागी पांढरा डाग उमटतो. त्यापेक्षा फ्लॅश बंद करून, मोबाइल काचेला हलकेच टेकवून भोवती तळहाताचा आडोसा केला, तर आपल्या मागच्या गर्दीचे प्रतिबिंबही जाते. कॅमेरा असेल तर अ‍ॅपर्चर (लेन्समधून प्रकाश आत येण्याचे छिद्र) जास्तीत जास्त उघडून, लांब पल्ल्याच्या लेन्सने, पक्षी जाळीपासून बराच मागे असताना टिपावा. जाळी पुसट होऊन जवळजवळ दिसेनाशी होते, आणि त्यासाठी कठडा ओलांडावा लागत नाही. थोडे थांबले की पक्षी आपणहून चोचीने पिसे साफ करतो, एक पाय पोटाशी घेऊन उभा राहतो. मात्र डोळ्यावरून आडवा सरकणारा पातळ पडदा नेमका त्या क्षणी आला तर डोळा दुधाळ दिसतो, म्हणून एकावर न थांबता दोन-चार छायाचित्रे घ्यावीत. सकाळच्या वेळी ऊन तिरपे असते आणि प्राणीही अधिक हालचाल करतात, तेव्हा दुपार टाळलेलीच बरी.

माझी विनंती एवढीच की, सर्वच प्राणिसंग्रहालयांनी फ्लॅश बंद ठेवण्याची सूचना केवळ प्रवेशद्वारावर न लावता प्रत्येक काचेच्या आणि जाळीच्या कक्षापाशी, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, चित्रासह लावावी. ठाणे आणि नवी मुंबईतून शालेय सहली नेणाऱ्या शिक्षकांनीही बसमधून उतरण्यापूर्वीच मुलांकडून, आणि सोबतच्या पालकांकडूनही, मोबाइलचा फ्लॅश बंद करून घ्यावा.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे