सदस्याला साठ दिवस, आमदाराला अख्खी मुदत

मा. संपादक,

स. न. वि. वि.

शिवसेनेच्या फुटलेल्या आमदारांच्या अपात्रतेवरचा कालचा अग्रलेख वाचला. भाषा नेहमीप्रमाणे सुरेख. ‘जनतेच्या न्यायालयाने निकाल दिला आहे, आता अपात्रतेचा तांत्रिक मुद्दा उगाळण्यात अर्थ नाही’ हे वाक्य मात्र घशाखाली उतरेना. रात्री पेपर पुन्हा काढून वाचलं, तरी उतरेना. म्हणून हे पत्र.

तांत्रिक मुद्दा कशाला म्हणतात ते आमच्या घराला चांगलं ठाऊक आहे. माझी धाकटी भावजय ग्रामपंचायत सदस्य होती. घर आमच्या वडिलांच्या नावावर. ते वारले, वारसनोंद रखडली आणि घरपट्टीचं बिल त्यांच्याच नावानं निघत राहिलं. शिपायानं ते घरी नेऊन दिलं, असं कागदोपत्री आहे. घरात कुणाच्या हातात दिलं, हे आजतागायत आम्हाला कळलेलं नाही. बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत पैसे भरले नाहीत तर सदस्य अपात्र, असं ग्रामपंचायत कायद्याचं कलम १४ सांगतं. रक्कम हजाराच्या आतली. विरोधी पॅनलनं कलेक्टरकडे अर्ज ठोकला. त्याच कायद्याचं कलम १६ म्हणतं, अशा अर्जाचा निकाल कलेक्टरनं शक्यतोवर साठ दिवसांत द्यायचा. लागला निकाल. अपिलातही काही हाती आलं नाही. पोटनिवडणुकीत अर्जदाराची चुलती बिनविरोध आली.

पैसे थकले होते, कायदा आहे, मान्य. भावजयीनं कुरकूर न करता मान्य केलं. पण आपल्या जिल्हा पानावर त्या वेळी ‘थकबाकीदार सदस्येला दणका’ असा मथळा आला होता, तोही फोटोसकट. बिल कुणाच्या नावावर होतं, कुणाला दिलं, हे विचारायला आपला वार्ताहर फिरकला नाही. तेव्हा तो कायदा होता. आता आमदारांची वेळ आली तर तोच तांत्रिक मुद्दा!

राज्यघटनेचं दहावं परिशिष्ट, म्हणजे आमदार-खासदारांसाठीचा पक्षांतरबंदी कायदा, १९८५ साली आलं. पीठासीन अधिकाऱ्यानं, म्हणजे सभागृहाच्या अध्यक्षानं, निकाल कधीपर्यंत द्यायचा, हे त्यात नाही. २००३ साली दुरुस्ती झाली, एक तृतीयांश आमदार फुटले तर ते पक्षांतर नाही, ही पळवाट बुजवली, पण तेव्हाही साठ दिवस सोडाच, साठ महिन्यांची अट घालावी असंही कुणाला वाटलं नाही. ग्रामपंचायतीचा कायदा करताना ज्यांना मुदत सुचते, त्यांना स्वतःच्या बाबतीत ती कशी सुचत नाही?

मग जून २०२२. एकनाथ शिंदे यांचं ठाकरे सरकारविरुद्धचं बंड. सुरत, गुवाहाटी सगळ्यांना पाठ आहे. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं बहुमत चाचणीचा राज्यपालांचा निर्णय चूक ठरवला, शिंदे गटाचे गोगावले यांना प्रतोद (पक्षाचा आदेश, म्हणजे व्हिप, काढणारा) म्हणून दिलेली मान्यता बेकायदा ठरवली आणि अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी वाजवी वेळेत करावा म्हणून त्यांच्याकडे सोपवला. ही वाजवी वेळ काही येईना. शेवटी कोर्टालाच ३१ डिसेंबर ही तारीख घालून द्यावी लागली, तीही पुढे १० जानेवारी झाली. निकालाच्या तीनच दिवस आधी अध्यक्ष वर्षा बंगल्यावर तेव्हाचे मुख्यमंत्री शिंदे यांना भेटून आले. ज्यांच्या अपात्रतेचा निकाल द्यायचा, त्यांनाच. कलेक्टर निकालाच्या आदल्या आठवड्यात आमच्या घरी चहाला आले असते, तर आपण त्यावर किती कॉलम लिहिले असते?

१० जानेवारी २०२४ चा निकाल आम्ही टीव्हीवर ऐकला. शिंदे यांचीच शिवसेना खरी, आणि दोन्हीकडचा एकही आमदार अपात्र नाही. ठाकरे गटाचे का नाहीत, तर त्यांना व्हिप प्रत्यक्ष बजावला गेला नव्हता. हे ऐकल्यावर भावजय भाकरी थापायची थांबली आणि म्हणाली, ‘‘भाऊजी, म्हणजे आमदाराच्या हातात द्यावा लागतो होय?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्याकडे असेल तर जरूर छापावं.

पुढे प्रकरण परत सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथं निकाल लागायच्या आत ती विधानसभाच संपली. २० नोव्हेंबर २०२४ ला मतदान झालं. हेच आपलं जनतेचं न्यायालय. मीही त्या दिवशी रांगेत होतो. मशीनवर चिन्हं होती, बटणं होती. अमुक आमदारानं दहावं परिशिष्ट मोडलं का, असं विचारणारं बटण मला तरी दिसलं नाही. लोकांनी वीजबिल पाहिलं, सोयाबीनचा भाव पाहिला, लाडक्या बहिणीचे हप्ते पाहिले, उमेदवाराची जात पाहिली, आणि मत दिलं. तो त्यांचा हक्क आहे. पण निवडून येणं हाच खुलासा असेल, तर माझ्या भावजयीलाही लोकांनीच निवडून दिलं होतं. तिच्या वेळी ते न्यायालय सुट्टीवर होतं काय?

मी कोणत्या पक्षाचा, हा प्रश्न आपल्या मनात आला असेलच. तेव्हाचे विधानसभा उपाध्यक्ष झिरवाळ साहेब ठाकरे सरकारच्या बाजूचे. त्यांनी २५ जून २०२२ ला, शनिवारी, सोळा बंडखोरांना नोटिसा काढल्या आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत उत्तर मागितलं. कोर्टाला ती मुदत १२ जुलैपर्यंत वाढवावी लागली. खुर्ची आपल्या माणसाकडे असली की तिला पाय फुटतात, हे तेव्हाही दिसलं. तेलंगणात बीआरएस (भारत राष्ट्र समिती) या पक्षाचे दहा आमदार काँग्रेसकडे गेल्याचं प्रकरण तिथल्या अध्यक्षांनी इतकं दाबून ठेवलं, की ३१ जुलै २०२५ ला सरन्यायाधीश गवई यांच्या पीठाला तीन महिन्यांची मुदत घालावी लागली. गोव्यात तर काँग्रेसच्या उमेदवारांनी २०२२ च्या निवडणुकीआधी देऊळ, चर्च आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी पक्ष न सोडण्याची शपथ घेतली, आणि सप्टेंबरात अकरापैकी आठ भाजपमध्ये गेले. आठ म्हणजे दोन तृतीयांशाहून जास्त, त्यामुळे कायद्यातल्या विलीनीकरणाच्या सवलतीत बसतात. दिगंबर कामत यांनी तर देवाला विचारूनच गेल्याचं पत्रकारांना सांगितलं. तिथं कलेक्टर काय करणार!

अध्यक्ष हा सभागृहातल्या बहुमताच्या जोरावर खुर्चीत बसतो, त्याच्या हाती हा न्याय देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी दोन न्यायमूर्तींनी १९९२ सालीच लिहून ठेवलं होतं. ते अल्पमतात गेले. मणिपूरच्या प्रकरणात २०२० साली कोर्टानंच निवृत्त न्यायमूर्तींचं कायम न्यायाधिकरण नेमावं असं सुचवलं आणि साधारण तीन महिन्यांत निकाल व्हावा असंही म्हटलं. संसदेनं त्यावर काय केलं? मुंबईत जानेवारी २०२४ मध्ये देशभरच्या पीठासीन अधिकाऱ्यांची परिषद भरली, आणि दहाव्या परिशिष्टाचा फेरविचार करायला समिती नेमल्याचं लोकसभा अध्यक्षांनी जाहीर केलं. त्या समितीचे प्रमुख कोण? राहुल नार्वेकर. निकाल देऊन तीन आठवडेही झाले नव्हते. यावर आपण अग्रलेख लिहिल्याचं मला आठवत नाही. लिहिला असेल तर कात्रण पाठवावं, मी जपून ठेवीन.

माझं म्हणणं एवढंच, की कलम १६ मधली ती साठ दिवसांची ओळ उचलून दहाव्या परिशिष्टात घाला, आणि निकाल अशा माणसाकडे द्या ज्याला पुढच्या निवडणुकीत कुणाकडे तिकीट मागायचं नाही. आपल्या पुढच्या अग्रलेखात एवढं आलं तरी मला पुरे.

जाता जाता आणखी एक. विधिमंडळातल्या प्रश्नोत्तरांचं सदर आपण जिल्हा आवृत्तीतून काढून टाकलंत आणि त्या जागी आता नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात. आमच्या आमदारानं अधिवेशनात तोंड उघडलं की नाही, हे पाहायला मुंबईची आवृत्ती मागवावी लागते. ती दुपारच्या एसटीनं येते, आणि हल्ली तीही रोज येत नाही. वितरण विभागाला कळवलं होतं, उत्तर आलेलं नाही.

आपला,
एक जुना वर्गणीदार
(निवृत्त प्राथमिक शिक्षक)