तळेबाजारच्या मेस्त्रींना, एका जुन्या मारुतीवाल्याकडून

मेस्त्री, सप्रेम नमस्कार.

नाव घालू नका म्हणालात, म्हणून घालत नाही. देवगड-नांदगाव रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांना कळायचं ते कळेलच.

माझी गाडी 1997 सालची मारुती 800, कार्ब्युरेटरवाली. कुणकेश्वरला खाऱ्या वाऱ्यात इतकी वर्षं उभी. तिचा पेट्रोलचा काटा चार वर्षं पाव टाकीवर अडकलेला होता. मीही त्याच्याकडे बघणं सोडलं होतं. समोरच्या खणात एक वही ठेवायची, पेट्रोल भरलं की किलोमीटर टिपायचे आणि त्या हिशोबावर गाडी चालवायची. या मे महिन्यापासून वही गडबडायला लागली. पाच-सहा लिटर भरले की ॲव्हरेज बरोबर यायचं आणि टाकी फुल केली की चार दिवसांत अर्धं पेट्रोल गायब. मी सरळ ठरवून टाकलं की पंपावर माप मारतात. तिथल्या पोराशी भर दुपारी वादही घातला. (त्याची माफी मागून झाली आहे. तो नुसता हसला आणि चाकांत हवा भरून दिली.) बायको जूनपासून सांगत होती, काचा लावल्या की वास येतो. मी म्हणायचो, जुन्या गाडीला वास असायचाच.

मग एका सकाळी गाडीखालच्या चिऱ्यावर ओला डाग दिसला. एकाने दोनदा एमसील लावून दिलं, दोन्ही वेळा आठवड्यात सुटलं. दुसरा म्हणाला, वेल्डिंग मारून देतो, अर्ध्या तासाचं काम. चतुर्थी दहा दिवसांवर, मुंबईहून भावाचं बिऱ्हाड कणकवली स्टेशनवर उतरणार. मला तो अर्धा तास फार आवडला होता. तुमच्याकडे आलो तो वेल्डिंगसाठीच.

तुम्ही हातातला चहा खाली ठेवलात. "टाकीक वेल्डिंग मी करूचंय नाय. माका पोरां-बाळां आसत." मी म्हटलं, रिकामी करून देतो की. तर म्हणालात, रिकामी तर जास्त वाईट. भरलेल्या टाकीत नुसतं पेट्रोल असतं, रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ आणि हवा एकत्र कोंडलेली असते. तिला एक ठिणगी पुरते. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला हे कुणी सांगावं लागू नये. पण लागलं.

हे पत्र मुख्यतः त्या नकारासाठी आहे. तेव्हा मला तुमचा राग आला होता, हेही लिहून ठेवतो.

नंतरचं काम मी बाकड्यावर बसून बघितलं. आधी बॅटरीची तार काढलीत. गाडी आत न घेता उघड्या अंगणात लावायला सांगितलीत, कारण ही वाफ हवेपेक्षा जड, खाली साचून राहते. शेजारच्याला विडीसकट रस्त्यापलीकडे पाठवलंत. टाकी उतरवल्यावर तिच्या माथ्यावर लाल मातीचा बोटभर थर निघाला. पावसाळ्यामागून पावसाळे ती माती ओली राहिली आणि तिच्याखाली पत्रा खात गेला. भोकं होती वरच्या अंगाला, जोडाच्या कडेला. म्हणून पेट्रोल त्या रेषेच्या वर असेपर्यंत झिरपायचं आणि खाली गेलं की थांबायचं. माझ्या वहीतलं कोडं तुम्ही एका बोटाने दाखवून सोडवलंत.

आणि काटा? फ्लोटची, म्हणजे टाकीत पेट्रोलवर तरंगून काटा हलवणाऱ्या बोंडाची, दांडी गंजून जागच्या जागी चिकटली होती. टाकीत पेट्रोल असो नसो, ती पाव टाकीच सांगणार. काटा चालू असता तर फुल टाकी उतरताना मला पहिल्याच दिवशी दिसली असती. "काटो बिघाडलो म्हणून कोण गाडी आणता?" तुम्ही म्हणालात. बरोबर आहे, मीही आणली नव्हती.

नवी टाकी आणि फ्लोट कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलने यायला दोन दिवस गेले. मी दिवसातून चार फोन केले, त्याबद्दल क्षमस्व. पण फ्लोट टाकीत बसवण्याआधी तुम्ही तारा जोडल्यात, मला स्टिअरिंगसमोर बसवून चावी फिरवायला लावलीत आणि मागे उभं राहून दांडी हाताने हळूहळू वर उचललीत. "बघा, चढता काय?" चढत होता, अगदी टोकापर्यंत! चार वर्षांनी. मी साठी उलटलेला माणूस, तिथे लहान मुलासारखा ओरडलो, तुमच्या पोराने ऐकलंय. अर्थिंगची तार जिथे बसते तिथला रंग खरवडून पांढरा पत्रा काढलात, टाकी धरणाऱ्या पट्ट्यांखाली रबर घातलंत. जुना रबरी पाइप बोटांत दाबल्यावर चिरला, तोही बदललात. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते सोसत नाही, असं म्हणालात. गाळलेलं जुनं पेट्रोल नव्या टाकीत ओतू दिलं नाहीत. तेव्हा जीव हळहळला, पण तळाशी बसलेला गंज बघून गप्प बसलो. जुनी टाकी भंगारात देण्याआधीसुद्धा पाण्याने काठोकाठ भरून ठेवलीत.

मजुरी 900 रुपये. वर काही घ्यायला तयार नाही. कुळथाचं पीठ मात्र वहिनींनी ठेवून घेतलं, तेवढं बरं झालं.

परवा कणकवलीला दोन फेऱ्या झाल्या. भावाच्या सुनेने विचारलं, काका, सारखे समोर काय बघताय? काटा बघत होतो.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला या, पोरालाही आणा. आणि तुमचा दहा-अकराचा पाना माझ्या डिकीत राहिलाय. शोधत बसू नका, येताना घेऊन जा.

आपला,
कुणकेश्वरचा मारुतीवाला मास्तर