उस्क्युदारच्या धक्क्यावरील अनोळखी मदतनीसांचे जाहीर आभार

इस्तंबूलमध्ये फेरीबोटीने बॉस्फरसची सामुद्रधुनी ओलांडून उस्क्युदारच्या धक्क्यावर उतरताच माझ्या आईला भोवळ आली, तेव्हा आमची भाषा न कळणारी माणसे हाक मारण्याआधीच धावून आली. चहावाल्या काकांनी स्वतःचे स्टूल दिले. तुर्की घरांत पाहुण्यांच्या हातांवर आवर्जून घालतात ते लिंबाच्या वासाचे कोलोन एका आजींनी पर्समधून काढून आईच्या तळहातांवर ओतले, मनगटे चोळली आणि तिचे डोके आपल्या खांद्याशी धरून ठेवले. एका विद्यार्थिनीने ११२ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावली आणि रुग्णालयात डॉक्टरांचे बोलणे ती आम्हाला इंग्रजीत समजावत राहिली. तिची ही माया केवळ दुभाषाची नव्हती. आई आता ठणठणीत आहे. त्यांची नावे ठाऊक नसली, तरी आम्ही सर्व कुटुंबीय त्यांचे मनःपूर्वक ऋणी आहोत.