वाटीभर दही आणि कॅन्सर

महोदय,

‘दह्यातले जिवाणू कॅन्सर बरा करतात’ हा निरोप आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार दिवसांत तीनदा आला. शेजारच्या काकूंनी तर दुपारच्या जेवणात दुसरी वाटी सुरूही केली. दही खावे, पण निरोपात तथ्य आहे ते चिमूटभरच.

दूध आंबवणारा लॅक्टोकॉकस लॅक्टिस हा जिवाणू निसिन नावाचे पेप्टाइड बनवतो. जेमतेम 34 अमिनो आम्लांची साखळी, पण ती दुसऱ्या जिवाणूच्या आवरणातले लिपिड-2 (आवरण बांधायला लागणारा रेणू) धरते आणि तिथेच भोक पाडते. चीजच्या डब्यावर बारीक अक्षरांत ‘234’ हा परिरक्षकाचा क्रमांक दिसतो ना, तो निसिनचाच. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 मध्ये डोके-मानेच्या कर्करोगाच्या गाठींची वाढ निसिनने मंदावल्याचे दाखवले, पण उंदरांमध्ये! शिवाय खाल्लेले निसिन आतड्यातल्या पाचकरसांत मोडते. गाठीपर्यंत पोचणार कसे?

जिवाणूंकडूनच मिळालेले कोलिस्टिन हे पेप्टाइड मात्र खरेच औषध आहे, कॅन्सरवरचे नव्हे तर जिवाणूसंसर्गावरचे: इतर प्रतिजैविके हरली की आजही अतिदक्षता विभागात ते शेवटचा उपाय म्हणून वापरतात. तेच आपण वजन वाढावे म्हणून कोंबड्यांना चारत होतो. जिवाणूला कोलिस्टिनला दाद न देण्याची ताकद देणारे, एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाणारे जनुक चीनमध्ये सापडल्याचे 2015 मध्ये जाहीर झाले. आपल्याकडे पशुखाद्यातल्या कोलिस्टिनवर बंदी आली जुलै 2019 मध्ये.

निसिनसारख्या संशोधनाची बातमी छापताना ‘प्रयोग उंदरांवर’ हे शब्द मथळ्यातच घ्यावेत, एवढी विनंती. आमच्या ग्रुपवर मथळ्याखालचे कुणी वाचत नाही.

– एक वाचक, मिरज