सीएनसीवाल्या ताईंना, एका गिटारसाठी मनापासून थँक्यू

प्रिय ताई,

तुमचं नाव आणि गाळा नंबर इथे टाकत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये. पण थँक्यू मात्र उघड म्हणायचंय. एक तर व्हॉट्सॅपवर जोडलेले हात पाठवून हे फिटण्यासारखं नाही, आणि दुसरं म्हणजे आत्ता जी पोरं घरी गिटार बनवायला घेतायत ती सगळी मला एकच विचारतात, सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या कापायच्या मशीनवर, करू की हातानं करू, आणि याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उत्तर तुमच्याकडून आलेलं आहे.

भोसरीत तुमच्या मशीनवर दिवसभर देवघराच्या जाळ्या, दरवाज्यांची नक्षी, किचनचे शटर असलं काम चालतं, आठ बाय चारच्या शीटवर शीट. त्यात मी गिटारच्या मानेवर बसते ती एक शिसवाची पट्टी घेऊन आलो, जेमतेम दीड फूट लांब, आणि म्हटलं यात एकोणीस बारीक चर पाडून हवेत. बाकी ठिकाणी विचारून झालं होतं, एवढ्याशा कामासाठी मशीन सेट करणं परवडत नाही म्हणाले, त्यांचंही बरोबरच असेल. तुम्ही पट्टी हातात घेतली, उलटीपालटी करून रेषा बघितल्या आणि विचारलंत, "चर किती रुंद पाहिजे, आणि चुकला तर काय होतं?" दुसरा प्रश्न मला तोवर कुणीच विचारला नव्हता.

चुकला तर काय होतं ते इथे वाचणाऱ्यांसाठी परत लिहितो. तुमचं माहेर मिरजेचं, त्यामुळे तुम्हाला सतारीवरून सांगणं सोपं गेलं. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, सूर हलला की पडदा जरा सरकवायचा. गिटारची फ्रेट, म्हणजे धातूची बारीक आडवी पट्टी, त्या चरात ठोकून बसवतात, ती जन्मभर तिथेच. क्लासिकल गिटारची तार ६५० मिमी धरली तर पहिली फ्रेट ३६.४८ वर येते, दुसरी ७०.९२ वर, बारावी बरोब्बर मध्यावर ३२५ ला आणि एकोणिसावी ४३३.०९ ला. हिशोब एकच आहे, उरलेल्या लांबीला १७.८१७ नं भागायचं आणि तेवढं पुढे सरकायचं, म्हणून फ्रेट जवळजवळ येत जातात आणि शेवटच्या दोघींत १२.९ मिमीच उरतात. एका अर्ध्या सुराचे १०० सेंट धरतात, त्या हिशोबानं अर्धा मिमी चूक पहिल्या फ्रेटपाशी दीड सेंटच्या आत राहते पण एकोणिसावीपाशी तीच चूक चार सेंटची होते, आणि दोन तारा एकत्र छेडल्या की तयार कानाला ते खटकतं. वर आणि प्रत्येक माप आधीच्या चरापासून घेतलं तर चुका साठत जातात, म्हणून सगळी मापं नटपासूनच, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपासूनच, घ्यायची असतात.

हे ऐकून तुम्ही जे केलंत त्यासाठी पहिलं थँक्यू. मशीनच्या स्क्रीनवर ३२५ आला म्हणजे बिट, मशीनचं कापणारं टोक, खरंच ३२५ गेला असं तुम्ही धरून चालला नाहीत. दरवाज्याच्या नक्षीला दोन-तीन दशांश मिमीनं काही बिघडत नाही, गिटारला बिघडतं, हे तुमच्या लगेच डोक्यात आलं. आधी एमडीएफच्या तुकड्यावर सगळे चर पाडलेत, स्टीलची पट्टी लावून एकेक माप नटपासून मला मोजायला लावलंत, लांब अंतराला जो बारीकसा फरक येत होता तो सेटिंगमध्ये काढलात, परत एमडीएफ, परत मोजणी, आणि मगच शिसवाला हात लावलात. ०.६ मिमीचा बिट म्हणजे दाबून शिसं पुढे येणाऱ्या पेन्सिलच्या शिशाएवढा, तो शिसवात पटकन मोडतो, तुम्ही एका फेरीत दोन दशांशच खोली ठेवलीत, वेळ लागला तर लागू दे म्हणालात. त्यात जे बिट मोडले त्यांचे पैसे तुम्ही बिलात लावले नाहीत हे मला नंतर कळलं. आणि चर पट्टीच्या कडेपर्यंत न नेता अलीकडेच थांबवायचे, म्हणजे कड अखंड दिसते, ही आयडिया पण तुमचीच. करवतीनं असं करायचं म्हटलं तर करवत कडेतून बाहेर जातेच, बिटला मात्र मध्येच उतरून मध्येच वर येता येतं.

शिसवाबद्दल तुम्ही विचारलं होतंत की हे फर्निचरचं लाकूड गिटारला कसं चालतं, तेव्हा गडबडीत नीट सांगता आलं नाही. ब्राझीलचं रोजवुड मिळेनासं झालं म्हणून अमेरिकेच्या मार्टिन कंपनीनं १९६९ मध्ये आपलं भारतीय शिसव वापरायला घेतलं, आणि आज जगात चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या किती गिटारच्या पाठी याच लाकडाच्या असतात. आपल्या पश्चिम घाटात वाढणारं झाड आहे ताई ते. मला याचा फार अभिमान वाटतो, आणि ते इथे कुणाला माहीतच नसतं याचं वाईटही वाटतं.

मग बाजू वाकवायच्या साच्याचं काम. १८ मिमीच्या प्लायचे थर एकावर एक चिकटवून साचा होतो, डावी-उजवी बाजू हुबेहूब आरशातल्यासारखी यायला हवी, हे हातानं करायचं म्हणजे नुसती कानस घासत बसायचं. तुमच्याकडे ते एका दुपारी झालं. मानेचं लाकूड पण तुम्ही मशीनवर ढोबळ आकारात आणून दिलंत, वर एक मिमी जास्त ठेवून, म्हणालात शेवटचा मिमी तुझ्या तळहाताला विचार. तो मिमी मी कानशीनं आणि पत्र्याच्या स्क्रेपरनं काढला, मधेमधे डोळे मिटून मान पकडून बघत, आणि तिथे मला मशीनची अजिबात आठवण आली नाही.

आता मुख्य गोष्ट. वरची स्प्रूसची (हे एक सूचिपर्णी झाड) फळी, जिला आम्ही टॉप म्हणतो, ती पण तुमच्याकडेच पातळ करून घ्यावी असं माझ्या मनात होतं. जाड फळी होती, क्लासिकलला साधारण सव्वादोन-अडीच मिमीपर्यंत आणायची असते. तुम्ही विचारलंत, नक्की किती? मी म्हटलं ते फळीवर अवलंबून आहे, करता करता कळेल. तेव्हा तुम्ही ते काम घेतलं नाहीत. म्हणालात, "ज्याचा आकडा ठरलाय ते काम माझ्याकडे आण, ज्याचा आकडा अजून शोधायचाय ते घरी हातानं कर."

हातातलं काम सोडून दिलंत तुम्ही, आणि ते पण मशीनचे हप्ते चालू असताना. मला त्या वाक्यानं जेवढं शिकवलं तेवढं एखाद्या कोर्सनं शिकवलं नसतं.

कारण खरंच तसंच आहे. एकाच झाडाच्या दोन फळ्यासुद्धा सारख्या ताठ नसतात. आणि जाडीचा परिणाम किती भयंकर असतो बघा, फळी अडीच मिमीवरून सव्वादोनवर आणली म्हणजे जाडी दहा टक्केच कमी झाली, पण ताठपणा जाडीच्या घनावर चालतो, त्यामुळे तो २७ टक्के उतरतो. म्हणजे पाव मिमीत गिटार मोकळी होऊ शकते नाहीतर कायमची ढिली पडू शकते. फाईलमध्ये २.३ लिहिलं की मशीन इमानानं २.३ कापणार, पण या फळीला २.३ हवंय की २.५ हे कोण सांगणार? ते रंध्याचे चार हात मारायचे, फळी दोन्ही अंगठ्यांनी वाकवून बघायची, बोटांत धरून टकटक वाजवून ऐकायचं, परत चार हात मारायचे, असंच ठरतं. स्पेनच्या आंतोनिओ दे तोरेस या गिटार कारागिरानं १८६२ मध्ये एक गिटार केली, पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या आणि वरची फळी मात्र नेहमीसारखी स्प्रूसची, हेच दाखवायला की आवाजाचं बहुतेक सगळं या वरच्या फळीत आहे. ती गिटार बार्सिलोनाच्या म्युझियममध्ये आहे. जिथे आवाज राहतो तिथेच तुम्ही मशीन मागे घेतलंत, हे तोरेसचं नाव न ऐकता तुम्हाला कसं कळलं देव जाणे.

रंधा चालवायला मात्र मला येत नव्हतं हे तुम्ही ओळखलंत आणि शेजारच्या गाळ्यातल्या सुतारकाकांकडे घेऊन गेलात. काकांनी मला आधी कितीतरी वेळ रंध्याला लाकूड दाखवूच दिलं नाही, फक्त पातं दगडावर घासायला लावलं, पाठ सपाट होऊन चकाकेपर्यंत. मग धार लावली, मग पातं किती बाहेर काढायचं ते दाखवलं, आणि स्प्रूसवर पहिली साल निघाली ती आरपार दिसणारी. स्प्रूसच्या रेषा कुठे वर येतात कुठे खाली जातात हे रंध्याच्या आवाजावरून कळतं, उलट्या रेषेवर आवाज खरखरीत होतो, तिथे थांबून दिशा बदलायची नाहीतर तुकडा उचकटतो. काकांना पण हे पत्र वाचून दाखवा प्लीज, त्यांचेही तेवढेच आभार आहेत.

आतल्या बारीक पट्ट्या, म्हणजे ब्रेसिंग, पावसाळ्यात चिकटवू नकोस हेही तुम्ही दोघांनी मिळून सांगितलंत, आणि मी थंडीपर्यंत थांबलो. लाकूड आडव्या अंगानं फुगतं, लांबीत जवळपास फुगत नाही, त्यामुळे चरांच्या जागा बदलत नाहीत पण ओल्या हवेत फुगलेली फळी तशीच जखडली की उन्हाळ्यात आकसते आणि तडकते. हवेतली आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास आली तेव्हा पट्ट्या चिकटवल्या, मग पटाशीनं एकेक पट्टी छाटत, वाजवत, परत छाटत. मे महिना त्या फळीनं एकही तडा न जाता काढला.

शेवटी सॅडल, तारा जिच्यावर टेकतात ती हाडाची पट्टी. तार दाबली की ताणली जाते आणि सूर किंचित चढतो, म्हणून तार हिशोबापेक्षा मिलिमीटर-दोन मिलिमीटर लांब ठेवावी लागते, आणि नेमकी किती ते प्रत्येक तारेचं वेगळं. मी सांगायला लागलो तर तुम्ही मध्येच म्हणालात, म्हणजे जवारीसारखंच की. मिरजेत लहानपणी तुम्ही कारागिरांना तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवताना बघितलंय, एक हात घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं. अगदी तेच मी केलं. त्याला फाईल नाही, कोड नाही, आणि घाई तर नाहीच नाही.

मला लोक विचारतात मग तुझी गिटार हँडमेड म्हणायची का. मला या प्रश्नाचा राग येतो खरं सांगायचं तर. मशीनला नावं ठेवणाऱ्यांनी हे बघावं की टेलर गिटार कंपनीच्या बॉब टेलरसारख्या माणसानं १९९० च्या सुमारास कॉम्प्युटरवर चालणारी मशीन गिटार कारखान्यात आणली, बाकीचे कारखाने त्याच वाटेनं गेले, आणि आज एखाद्या पोराची पाच-सहा हजारांची पहिली गिटार सुरात फ्रेट घेऊन येते. बेसूर वाद्यावर कितीतरी जणांचं शिकणं सुटलंय पूर्वी, ही लहान गोष्ट नाही. आणि हाताला वेळखाऊ म्हणणाऱ्यांनी एकदा दोन फळ्या हातात घेऊन वाकवून बघाव्यात. माझ्या गिटारचे चर मशीनचे आहेत आणि टॉप हाताचा आहे, दोन्ही मी तोंड भरून सांगतो, आणि चरांचं श्रेय विचारलं की तुमचं नाव सांगतो, तिथे मात्र तुमची परवानगी न घेता.

गिटार सध्या माझ्या भाचीकडे आहे. तिचा हात लहान, ६५० ला तिची करंगळी पोचता पोचत नाही. म्हणून पुढची गिटार ६३० ची करायला घेतोय. आकडे काढून ठेवलेत, पहिला चर ३५.३६ वर, बारावा ३१५ वर, बाकीचे फाईलमध्ये आहेत, पण तुम्ही तुमच्या पद्धतीनं एकदा तपासा. दिवाळीची देवघरांची गर्दी संपली की येतो. साच्यासाठी १८ चा प्लाय मीच आणतो, ०.६ चे बिट पण मी जास्तीचे घेऊन येतो, आणि यावेळी मोडलेल्या बिटचे पैसे बिलात लावायचेच, मी आधीच सांगून ठेवतोय.

तुमचा,
शिसवाची पट्टी घेऊन आलेला