आई-बाबा, आधी हातातली पिशवी भरा

ती. आई आणि ती. बाबा यांना,
सा. न. वि. वि.

बोटीचं तिकीट झालं. मुंबई–लक्षद्वीप–मुंबई, चार रात्री, जानेवारी. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, म्हणून मुद्दाम थंडीतले दिवस धरले. केबिन खालच्या मजल्यावर, बोटीच्या मधोमध घेतली आहे. लाटेवर बोटीची दोन्ही टोकं जास्त वर-खाली होतात आणि वरचे मजले जास्त झुलतात. वरच्या बाल्कनीतून दिसतं छान, पण आईला गगनबावड्याच्या घाटात मळमळतं. तिला मधली केबिनच बरी.

मोठ्या बॅगांचा विचार नंतर करा, आधी हातातली पिशवी. बंदरावर मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून काढून घेतात. तपासणी होऊन त्या केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होते, कधी रात्रीच्या जेवणाची वेळही होते. तोवर हातात असेल तेच तुमचं. एकदा बोट सुटली की महाद्वार रोडला जाऊन आणू, असं म्हणायची सोय नाही. त्या पिशवीत दोघांची मूळ आधार कार्डं (झेरॉक्सवर विसंबू नका), बोर्डिंग पास, लक्षद्वीपच्या प्रवेश परवान्याची प्रत, विम्याचा कागद, चष्मे, चार्जर, प्रत्येकी एक जोड कपडे, आईची शाल आणि सगळी औषधं असू देत. सगळी म्हणजे सगळी. एकही पाकीट मोठ्या बॅगेत नको.

औषधं पाच दिवसांची नको, आठ दिवसांची घ्या. गोळ्या सुट्या करून डबीत भरू नका, नाव दिसेल अशा पाकिटातच ठेवा, सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत. बोटीवर डॉक्टर असतो, पण तपासणीचे पैसे वेगळे पडतात आणि तुमची नेहमीची गोळी तिथे मिळेलच असं नाही. आईचं वापरात असलेलं इन्सुलिन पेन ३० अंशांच्या खाली असेल तर साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर टिकतं. फक्त उन्हात आणि गाडीच्या काचेजवळ ठेवू नका. न उघडलेलं पेन थंड पिशवीत ठेवा, मात्र बर्फाला थेट टेकू देऊ नका. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वाया जातं. केबिनमधला छोटा फ्रिज पुरेसा गार नसतो, म्हणून पेन बोटीवरच्या दवाखान्यात ठेवता येईल का, हे चढल्याबरोबर विचारा. सुया कचऱ्यात टाकू नका, केबिन साफ करणाऱ्याला टोचतात. त्यासाठी डबा मागून घ्या. बोटीवर जेवायची वेळ घरच्यापेक्षा उशिरा होते, तेव्हा आई, इंजेक्शन ताट समोर आल्याशिवाय घेऊ नकोस, आणि पर्समध्ये ग्लुकोजच्या गोळ्या असू देत.

मळमळीची गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, ती पोटात टिकतच नाही. निघण्याआधी तास-दोन तास घ्यायची. बाबा, ॲव्होमिन तुम्ही मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना त्याने लघवी अडकू शकते, शिवाय गुंगीत तोल जातो. रिकाम्या पोटी राहू नका, थोडं कोरडं खा, आलेपाक जवळ ठेवा. मळमळायला लागलं तर डोळे मिटून केबिनमध्ये पडण्यापेक्षा डेकवर येऊन क्षितिजाकडे बघा.

आई, आता तुझ्या पूजेचं. निरांजन, कापूर, उदबत्ती, काडेपेटी, यातलं काहीही आत सोडत नाहीत. भर समुद्रात आगीइतकं मोठं संकट नसतं, पळायला जागाच नसते, म्हणून त्यांचं हे कडक असणं बरोबरच आहे. अंबाबाईचा छोटा फोटो, जपमाळ आणि सेलवरचा दिवा ने. इस्त्री, चहाची किटली आणि बाबांचा अडकित्ताही घरीच ठेवा. घरची कांदा-लसूण चटणी आणि लोणचं बहुतेक बोटी अडवतात. कंपनीच्या बंद पाकिटातलं भडंग चालेल का, ते मी त्यांना विचारून कळवतो. तोवर भरू नका.

पायात काय घालायचं, यावर बाबा वाद घालतील. कोल्हापुरी चप्पल बोटीवर नको. ओल्या डेकवर चामड्याचा तळ घसरतो, आणि समुद्राच्या पाण्याने चप्पलही वाया जाते. मागे पट्टा असलेली, रबरी तळाची सॅण्डल दोघांनाही घ्या आणि आठ दिवस आधी रंकाळ्यावर फिरताना घालून बघा. बाथरूमला उंच उंबरठा असतो, रात्री तिथेच लोक अडखळतात. म्हणून सेलचा रात्रदिवा हवा. जेट स्प्रे असेलच असं नाही, एक प्लॅस्टिकचा मग टाका. संडासात टिश्यूशिवाय काही टाकू नका, ओढून घेणारी नळी तुंबते. केबिनच्या भिंती बहुधा लोखंडी असतात, तेव्हा चुंबकाचे चार हूक घ्या. टोपी, पिशवी, ओला टॉवेल टांगता येतो.

कपडे कमीच घ्या. आईला दोन पंजाबी ड्रेस, दोन सुती साड्या, एक चांगली साडी. डेकवर वारा फार, पदराला पिना हव्यात. बाबांना तीन शर्ट, दोन पॅन्ट, एक स्वेटर, कारण आत एसी कडक असतो. एका मोठ्या बॅगेऐवजी दोन लहान घ्या, भरल्यावर प्रत्येकी दहा किलोच्या आत.

कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्सप्रेसने यायचं ते बोट सुटायच्या आदल्या दिवशी पोचेल असं. त्याच सकाळी नको. गाडी रखडली तर बोट थांबत नाही. दादरला मी उतरवून घेतो.

बोटीवर गेल्यावर सुरक्षेचा सराव असतो, त्याला कंटाळा करू नका. २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया बोट खडकावर आपटली आणि ३२ माणसं गेली. त्या दिवशी चढलेल्या कित्येकांचा सराव झालाच नव्हता. त्यानंतर बोट सुटण्याआधी किंवा सुटताच सराव घेण्याचा नियम झाला. सात छोटे भोंगे आणि एक लांब वाजला की तुम्ही कुठे जमायचं, ती जागा एकदा पायी चालून बघा.

लक्षद्वीपला मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही, लहान बोटीने न्यावं लागतं. त्यात उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत, सामान पाठीवर. खलाशी मनगटाच्या वर धरतो, तुम्हीही त्याचा हात तसाच घट्ट धरा आणि तो सांगेल तेव्हाच पाऊल टाका. गुडघा दुखत असेल त्या दिवशी खुशाल बोटीवरच बसा. किनाऱ्यावर पडलेलं प्रवाळ नातवासाठी उचलू नका, वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

जेवणाआधी साबणाने हात धुवा. उलट्या-जुलाबाचा नोरोव्हायरस नुसत्या सॅनिटायझरने नीट मरत नाही. किनारा सुटला की फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर समुद्रातलं महागडं नेटवर्क पकडून बिल फुगतं. आमचा फोन लागला नाही तर काळजी नको.

शेवटच्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात. तेव्हा सकाळचे कपडे, चप्पल आणि औषधं आधी बाजूला काढा. हिशोबाचा कागदही रात्रीच तपासा, सकाळी काउंटरवर रांग असते. बंदराच्या गेटबाहेर मी गाडी घेऊन असेन.

तुमचा,
धाकटा